जखमेवर प्रकाश : वॉर्डाबाहेर विचारले जाणारे प्रश्न

माझी सगळी नोकरी मुंबई पालिकेच्या एका रुग्णालयात, मायक्रोबायोलॉजीच्या (जंतू तपासण्याच्या) लॅबमध्ये झाली. वॉर्डातून पुवाचा स्वॅब, म्हणजे जखमेवर फिरवलेला बोळा, यायचा, तो प्लेटवर पसरायचा, जंतू वाढले की त्यांच्यावर कुठलं अँटिबायोटिक चालतं आणि कुठलं नाही ते रिपोर्टवर लिहायचं. चालत असेल तर ‘एस’, नसेल तर ‘आर’. शेवटच्या काही वर्षांत एकाच रिपोर्टवर ‘आर’ची रांग लागलेली पाहणं नेहमीचं झालं होतं. निवृत्त झाल्यापासून नातेवाईक, सोसायटीतली मंडळी, भाजीच्या रांगेत भेटलेल्या ओळखीच्या बायका मोबाइलवर जखमेतले जंतू मारणाऱ्या निळ्या-लाल दिव्यांचे व्हिडिओ दाखवून विचारतात, “हे खरं असतं का हो?” तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. मी डॉक्टर नाही. जंतूंची बाजू मात्र मला चांगली ठाऊक आहे.

प्रकाशाने जखमेतले जंतू खरंच मरतात का?

मरतात, आणि हा शोध आजचा नाही. सूर्यप्रकाशात जंतूंची वाढ थांबते हे इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ सालीच दाखवलं होतं. पुढे डेन्मार्कमध्ये नील्स फिन्सेन यांनी कातडीच्या टीबीवर एकवटलेल्या प्रकाशाचे उपचार केले. त्यासाठी त्यांना १९०३ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा पेनिसिलिन जन्मालाही आलं नव्हतं. ते आलं १९२८ मध्ये, आणि एकदा गोळ्या-इंजेक्शनं हाताशी आल्यावर दिवे घेऊन कोण बसणार? प्रकाश मागे पडला. आता औषधांना दाद न देणारे जंतू वाढले, तेव्हा लोकांना त्याची पुन्हा आठवण झाली आहे.

निळा दिवा, लाल दिवा, यूव्ही : सगळं एकच का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

यूव्ही म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. त्यातला यूव्ही-सी म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या यंत्रात असते ती नळी. तिची तरंगलांबी साधारण २५४ नॅनोमीटर. हा प्रकाश जंतूच्या डीएनएलाच इजा करतो, त्यामुळे जंतूला स्वतःची नक्कल काढता येत नाही. सूर्यातही यूव्ही-सी असतो, पण ओझोनचा थर तो वरच अडवतो. आपल्यापर्यंत तो येत नाही.

निळा प्रकाश, म्हणजे साधारण ४०५ ते ४७० नॅनोमीटर, वेगळ्या वाटेने मारतो. बऱ्याच जंतूंच्या पोटात पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं आपसूक तयार होतात. निळा प्रकाश त्यांच्यावर पडला की ती पेटतात आणि जंतूला आतून जाळतात. गंमत अशी की फिन्सेन यांना स्वतःला वाटत होतं की यूव्ही किरणांमुळेच गुण येतो. डेन्मार्कमधल्याच संशोधकांनी २००५ मध्ये त्यांची जुनी भिंगं तपासली. त्या काचेतून आखूड यूव्ही किरण पलीकडे जातच नव्हते! काम बहुधा जांभळ्या-निळ्या प्रकाशाचं आणि टीबीच्या जंतूतल्या पॉर्फिरिनचं होतं.

तिसरा प्रकार आधी रंग लावून मग प्रकाश टाकण्याचा. त्याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. जखमांच्या बाबतीत सगळ्यात जास्त काम यावर झालं आहे, म्हणून पुढचा प्रश्न सगळा त्याचाच.

ऑनलाइन मिळणारे लाल दिव्याचे पट्टे आणि मुखवटे यांपैकी कशातच मोडत नाहीत. नुसता सौम्य लाल प्रकाश पेशींना चालना देतो, असा त्यामागचा विचार आहे. रंग न लावता त्याने जंतू मारायला जाऊ नका.

रंग लावून प्रकाश टाकतात म्हणजे नेमकं काय करतात?

ही गोष्ट म्युनिकमध्ये सुरू झाली. साल १९००. ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी अ‍ॅक्रिडिन हे रंगद्रव्य पॅरामेशियम या एकपेशीय जिवांवर करून बघत होता. त्याच रंगात, तेवढ्याच प्रमाणात, कधी ते पटकन मरत आणि कधी बराच वेळ तगून राहत. शोध घेता कळलं की फरक खोलीतल्या उजेडाचा आहे. अंधारात रंग जवळजवळ निरुपद्रवी, उजेडात मारक. राबचे गुरू टापायनर यांनी पुढे दाखवलं की यात तिसरा भागीदारही लागतो, तो म्हणजे ऑक्सिजन.

आजची पद्धत तीच आहे. मेथिलीन ब्लूसारखा रंग जखमेवर लावतात, काही मिनिटं मुरू देतात, मग त्या रंगाला मानवेल असा प्रकाश टाकतात. मेथिलीन ब्लूला साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश लागतो. रंगाचा कण ती ऊर्जा घेतो आणि शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून तयार होणारा चिडलेला ऑक्सिजन जेमतेम काही मायक्रोसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात हाताला लागेल ते तो जाळतो : जंतूचं आवरण, प्रथिनं, डीएनए. फार लांब जायला त्याला वेळच नसतो, म्हणून जिथे रंग चिकटला आहे तिथेच घाव बसतो.

आपल्या दवाखान्यांत भाजलेल्यावर पूर्वी पिवळ्या पट्ट्या असायच्या, आठवतात? त्यातलं अ‍ॅक्रिफ्लेविन हे राबच्या अ‍ॅक्रिडिनच्याच घराण्यातलं. आणि गुडघा फुटला की आई लावायची ते जांभळं औषध, तो तर आम्ही लॅबमध्ये जंतूंचे प्रकार ओळखायला, म्हणजे ग्राम स्टेनिंगसाठी, वापरतो तोच रंग जवळजवळ. रंगाने जंतू मारणं आपल्याला नवीन नाही. उजेडाचं गणित तेवढं नव्याने जुळवलं जातंय.

ज्या जंतूंवर अँटिबायोटिक चालत नाही, तेही मरतात का?

हो, आणि मला यात रस वाटायला लागला तो याचमुळे. अँटिबायोटिक सहसा एका विशिष्ट जागी वार करतं. जंतूने ती जागा बदलली, किंवा औषध फोडणारं एन्झाइम बनवलं, की औषध गेलं. चिडलेला ऑक्सिजन एकाच वेळी दहा ठिकाणी आग लावतो. जखमेत पू करणारा साधा स्टॅफ असो की औषधांना दाद न देणारा त्याचा भाऊ एमआरएसए, दोघे सारखेच जळतात. या माऱ्याविरुद्ध पक्का बचाव उभारणं जंतूला अवघड जातं. अशक्य म्हणणार नाही. जंतूंच्या बाबतीत तो शब्द वापरायचा नाही हे नोकरीत शिकले.

सगळे जंतू सारखेच हळवे नसतात, हेही आहे. स्टॅफसारखे ग्राम पॉझिटिव्ह, म्हणजे तो जांभळा रंग धरून ठेवणारे, लवकर मरतात. स्यूडोमोनाससारख्या ग्राम निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक पापुद्रा असतो, रंग आत शिरू देत नाही. त्यासाठी या पापुद्र्याला चिकटणारे, धन विद्युतभाराचे रंग निवडतात. मेथिलीन ब्लू त्यातलाच.

मग रोजची पट्टी, गोळ्या सोडून सरळ दिवाच का नाही लावत?

कारण प्रकाश जिथे पोचतो तिथेच मारतो. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

निळा प्रकाश कातडीत जेमतेम एक मिलिमीटरभर शिरतो. लाल आणखी काही मिलिमीटर. तळव्यातली जखम वरून रुपयाएवढी दिसते आणि आत हाडापर्यंत भुयार गेलेलं असतं. वरचं दार जाळलं तरी घरमालक आत सुखरूप! शिवाय वर रक्त साचलं असेल तर हिमोग्लोबिन प्रकाश गिळतं. पू असेल तर तो विखुरतो. मेलेल्या मांसाचा थर असेल तर त्याखाली रंगही जात नाही आणि उजेडही नाही. जुन्या जखमांत जंतू मोकळे फिरत नसतात, बायोफिल्म नावाच्या चिकट सायीखाली वस्ती करून असतात. मोरीच्या फरशीवरचा बुळबुळीत थर डोळ्यांसमोर आणा. त्याला नुसतं पाणी मारून भागत नाही, घासावं लागतं. जखमेचंही तसंच. सर्जन मेलेला भाग काढतो, सिस्टर धुऊन साफ करते, मग उरलेल्यावर प्रकाशाला काहीतरी काम करता येतं.

दुसरं कारण आकड्यांचं. जाहिरातीत लिहितात, “९९.९ टक्के जंतू नष्ट”. ऐकायला झकास. समजा जखमेत दहा लाख जंतू आहेत. ९९.९ टक्के मेले म्हणजे एक हजार उरले. चांगलं पोषण मिळालं तर अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. दहा वेळा दुप्पट झाले की हजाराचे पुन्हा दहा लाख, म्हणजे पाच तासांत होते तिथेच. जखमेत ते प्लेटवरच्या इतके वेगाने वाढत नाहीत, शरीरही लढत असतं, हे मान्य. पण सकाळी दिवा लावला आणि संध्याकाळी पुन्हा पू दिसला, तर त्यात आश्चर्य काही नाही. म्हणून हे उपचार एकदा करून सुटत नाहीत, ठरावीक दिवसांनी पुन्हा करावे लागतात. आणि रंगाचा परिणाम उजेड बंद झाला की थांबतो. गोळीसारखा आठ तास अंगात राहत नाही.

आणि जंतू रक्तात गेले असतील, ताप-थंडी असेल, तर वरून कितीही उजेड पाडा. तिथे अँटिबायोटिकच.

बाबांना डायबिटीस आहे, तळव्याची जखम तीन महिने भरत नाहीये. त्यांना हा उपचार करावा का?

मधुमेहाच्या पायावर फोटोडायनॅमिक थेरपीचे प्रयोग बाहेर देशांत झाले आहेत आणि काहींचे निकाल आशा वाटण्यासारखे आहेत. पण तुमचा प्रश्न दिव्यापासून सुरू होत नाही. तीन महिन्यांत पायाच्या नाड्या कोणी तपासल्या का? रक्त पोचत नसेल तर ऑक्सिजनही पोचत नाही, आणि वर सांगितलं तसं ऑक्सिजनशिवाय हा उपचारच चालत नाही. एक्स-रे काढला का, हाड सडलंय का ते बघायला? जखमेवरचा भार काढलाय का, की बाबा अजून तीच चप्पल घालून दूध आणायला जातात? रोज सकाळी शुगर किती येते?

अशा पायाला काट्याचा नायटा व्हायला वेळ लागत नाही. या चार गोष्टी सांभाळल्या की बऱ्याच जखमा कुठल्याही दिव्याशिवाय भरायला लागतात. एवढं करूनही जंतू हटत नसतील, तेव्हा मधुमेही पायाच्या तज्ज्ञांना या उपचाराबद्दल जरूर विचारा.

पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालत आले, पायाला जखम आहे. घरी निळा दिवा आहे, लावू का?

दिवा राहू दे. पाय साबणाने स्वच्छ धुवा आणि डॉक्टरांकडे जा. हिंदमाता, मिलन सबवे, सायन, कुठलंही पाणी असो, त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू जखमेतून शिरून रक्तात जातात. जखमेच्या तोंडाशी प्रकाशाची वाट बघत ते थांबत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरानंतर लेप्टोने काय केलं ते लॅबमध्ये बसून पाहिलंय. पालिका दर पावसाळ्यात सांगते की पाण्यातून चाललेल्यांनी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं. ते ऐका.

आणि एक जोडून. हे औषध बहुतेकदा डॉक्सिसायक्लिन असतं. त्याने कातडी प्रकाशाला हळवी होते. ते चालू असताना कुणी प्रकाशाचा उपचार करणार असेल तर आधी सांगा. अ‍ॅमिओडारोन हे हृदयाच्या ठोक्यांचं औषध, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या यांनीही तसं होतं. ल्युपस किंवा पॉर्फिरिया हे प्रकाशाने बळावणारे आजार असलेल्यांनी तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय दिव्याखाली जाऊच नये.

हळद लावून उन्हात बसलं तर? हळदीतही रंग असतोच की.

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. हळदीतलं कर्क्युमिन खरोखरच प्रकाशाने पेटणारं रंगद्रव्य आहे. निळ्या प्रकाशात ते जंतू मारतं आणि त्यावर प्रयोगशाळांत भरपूर काम झालंय. जखमेवर हळद हे तर आपलं पिढीजात ज्ञान. अमेरिकेत १९९५ मध्ये त्यावर पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने दाखले काढून ते लढवलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. मराठी घरात हा किस्सा अभिमानाने सांगतात, मीही सांगते.

पण प्रयोगशाळेतलं कर्क्युमिन शुद्ध, मोजून घेतलेलं आणि विरघळवलेलं असतं. हळदीत ते पाण्यात धड विरघळतही नाही. डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन थोडं, बाकी पूड, धूळ आणि कधीकधी भेसळीचा रंग. पूड निर्जंतुक तर नसतेच. ओल्या जखमेवर तिचा लगदा बसला की डॉक्टरांना खालचं काही दिसत नाही. वर ऊन म्हणजे निळ्या प्रकाशाबरोबर यूव्ही आणि उष्णता आलीच. भाजी चिरताना बोट कापलं आणि चिमूटभर दाबली, तर मी ओरडणार नाही. पू झालेल्या जखमेवर नको.

यूव्हीची नळी ऑनलाइन स्वस्तात मिळते. घरी वापरली तर?

नाही. कोरोनात लोकांनी भाजी, मोबाइल, नोटा, सगळ्यावर ती फिरवली, तेव्हापासून भीतीच गेली आहे. डोळ्याला ती लागते तेव्हा काही कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उघडवत नाहीत. वेल्डिंगकडे बिनचष्म्याने बघणाऱ्याला विचारा, तोच त्रास. कातडी भाजते ती वेगळीच. जखमेत नव्याने येणाऱ्या कोवळ्या पेशींचा डीएनएही यूव्ही-सीला जंतूच्या डीएनएसारखाच दिसतो. २२२ नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही कातडीत कमी शिरतो, म्हणून त्याच्यावर अभ्यास चालू आहेत. पण बाजारातली नळी ती नव्हे.

क्रॉफर्ड मार्केटात माशांच्या टाकीसाठी मेथिलीन ब्लू मिळतं. तेच ना हे?

नाव तेच. शुद्धता, प्रमाण, निर्जंतुकपणा वेगळा. माशांसाठी आणलंय, माशांनाच घाला.

दुखतं का? किती वेळ लागतो?

रंग लावताना फारसं काही नाही. प्रकाशात उष्ण, चुणचुणल्यासारखं वाटू शकतं. वेळ दिव्याच्या ताकदीवर ठरतो. हिशेब साधा आहे. दर चौरस सेंटीमीटरला १०० मिलिवॉट देणारा दिवा दहा मिनिटं लावला की ६० ज्यूल ऊर्जा होते. दिव्याची ताकद निम्मी असेल तर वीस मिनिटं. छोटा दिवा दुप्पट लांब धरला तर ताकद जवळजवळ चौथाईवर येते, म्हणून हातात धरून “अंदाजे” उपचार करणाऱ्यावर माझा विश्वास नाही. प्रकाशाचा फार कमी डोस दिला तर जंतू वाचतात, फार जास्त दिला तर भरणाऱ्या पेशी मरतात.

सावळ्या रंगाच्या माणसाला काही वेगळा त्रास?

उघड्या जखमेत मेलॅनिन, म्हणजे कातडीला सावळेपणा देणारं द्रव्य, नसतं, पण कडेच्या कातडीत असतं. निळ्या-जांभळ्या प्रकाशाने आपल्यासारख्या कातडीवर काळपट डाग उठू शकतात आणि बरेच दिवस राहतात. कडा झाकून घ्यायला सांगा. आणि मेथिलीन ब्लूने जखम आणि चादर दोन्ही निळी होतात, हे आधी कळलं तर बरं. माझ्या मावसबहिणीने ऐनवेळी जखम कुजली समजून घर डोक्यावर घेतलं होतं.

नातवाला काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. तोच प्रकाश का?

रंग जवळपास तोच, काम निराळं. तिथे प्रकाश काविळीत साचणाऱ्या पिवळ्या बिलिरुबिनचं रूप बदलतो म्हणजे ते शरीराबाहेर टाकता येतं. जंतूंशी त्याचा संबंध नाही.

मासे साफ करताना काटा लागला. महिना झाला, गाठी हातावर वर वर चालल्यात.

ससून डॉकपासून वर्सोव्यापर्यंत कोळणींच्या हातांवर हे दिसू शकतं, आणि घरी मासे करणाऱ्या कुणाच्याही. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा टीबीचा लांबचा भाऊबंद पाण्यात राहतो. तो हळू वाढतो आणि साध्या अँटिबायोटिकला ऐकत नाही. गाठी खोलवर असतात, त्यांना दिव्याने काही होणार नाही. त्वचारोग विभागात दाखवा आणि लॅबला आवर्जून सांगायला लावा की नमुना माशाच्या जखमेचा आहे. हा जंतू साधारण ३० अंशाला वाढतो. न सांगता पाठवला तर आम्ही ३७ ला ठेवणार, प्लेट कोरी दिसणार आणि तुम्हाला “जंतू नाहीत” असा कागद मिळणार.

मुंबईत कुणी हा उपचार देऊ केला तर काय विचारावं?

आधी हे : तुम्ही मला उपचार म्हणून देताय की अभ्यास म्हणून? फोटोडायनॅमिक थेरपी त्वचारोगांत आणि दातांच्या दवाखान्यांत इतर कामांसाठी वापरली जाते. चिघळलेल्या जखमेवर मात्र ती अजून नेहमीच्या उपचारांत बसलेली नाही. अभ्यास असेल तर तो भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेला हवा. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना ही नोंद बंधनकारक आहे. संमतीपत्र मराठीत मागा, ते घरी नेऊन वाचा. अभ्यासामुळे इजा झाली तर भरपाईची तरतूद औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत आहे, ती कागदावर दिसली पाहिजे. नुसतं पॅकेज विकत असतील तर विचारा : कुठला रंग, किती नॅनोमीटर, किती ज्यूल, किती वेळा, आणि मेलेलं मांस कोण काढणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्याकडून उठून या.

कशाचीही वाट न बघता कॅज्युअल्टीत कधी जायचं?

लाली तासातासाला पसरत असेल. ताप, थंडी वाजणं, भान हरपल्यासारखं वाटणं. जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त असणं. कातडी काळी-निळी पडणं, दाबल्यावर आत बुडबुडे फुटल्यासारखं लागणं. घाण वास. डायबिटीस असलेल्याला यातलं एकही पुरे. आणि जखम मातीची, गंजक्या पत्र्याची असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा, तिथे पहिला प्रश्न तोच असतो.

स्वॅब दिव्याआधी घ्यायचा की नंतर?

हा प्रश्न मला कुणीच विचारत नाही, म्हणून मीच घालते. जखम सलाइनने धुऊन, वरचा पू पुसून, खालच्या जिवंत मांसावरून, आणि रंग लावण्याआधी. रंग लावल्यावर घेतलेला बोळा निळा येतो. तो आमच्या टेबलावर ट्यूबलाइटखाली वाट बघत पडला की उपचार तिथेही चालूच राहतो. जखमेत जिवंत असलेले जंतू बोळ्यावर मरतात, प्लेट कोरी येते, आणि वॉर्डात सगळे खूश होतात. निळा बोळा आला की मी फोन करून विचारायचे, “सिस्टर, दुसरा देता का?”